काचेच्या कडेला धाकटी

तिला सगळे पापुद्रेबाई म्हणत. हे काही तिचं आडनाव नव्हतं. आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण पगाराच्या दिवसाखेरीज ते कोणाच्या तोंडी येत नसे. इस्पितळाच्या तळमजल्यावर पॅथॉलॉजीची लॅब होती, तिथे बाई आजारी भागांचे काप काढायची. ऑपरेशनच्या खोलीतून तुकडा आला की तो औषधात मुरवायचा, मेणात बसवायचा, मेण घट्ट झालं की काडेपेटीहून लहान ठोकळा तयार होतो. तो मायक्रोटोम नावाच्या यंत्रात अडकवायचा आणि हँडल फिरवत पात्यावरून काप काढायचे. काप म्हणजे आपण काकडीचे काढतो तसे नव्हेत. केसाची जाडी घ्या, तिचे वीस भाग करा, त्यातला एक. जोरात श्वास सोडला तर उडून जाईल असा पापुद्रा. बाईचा हात या कामात बसलेला होता, म्हणून हे नाव. तिला ते आवडतं का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर "कामाचं बोला" म्हणून तिने उडवून लावलं असतं.

बाई तुसडी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाकावर माशी बसू द्यायची नाही. डबा एकटी खायची. कोणाचा वाढदिवस असला तर वर्गणी द्यायची, पण केक कापेपर्यंत थांबायची नाही. लोक म्हणत, बाईला माणसं नकोत, ठोकळे हवेत. बोलणाऱ्यांचं काय जातं. बाईला माणूस हवं होतं. एकच हवं होतं, आणि ते आता राहिलं नव्हतं.

ते माणूस म्हणजे तिची धाकटी बहीण. दोघी बिनलग्नाच्या, दोन खोल्यांच्या घरात एकमेकींशी भांडत जन्म काढलेल्या. धाकटी म्हणजे दुसरं टोक. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू व्हायचा तो दिवा मालवेपर्यंत. ती तरणतलावाच्या तिकीट खिडकीत बसायची. आयुष्यभर लोकांना पाण्यात धाडलं आणि स्वतः घोटाभर पाण्यातही कधी उतरली नाही. भीती वाटायची तिला. तसं कबूल करायची नाही. "मीच पोहायला गेले तर तिकिटं काय पाणी देणार?" असं म्हणून वेळ मारून न्यायची. घरात खिडकीवरून भांडण ठरलेलं. हिला उघडी हवी, बाईला बंद. "ताई, तुला मेणात राहायची सवय लागलीय," असं म्हणत धाकटी खिडकी उघडायची, आणि तिची पाठ वळली की बाई बंद करायची.

लहानपणी धाकटीला कावीळ झाली होती. बरी झाली असं सगळे धरून चालले. कसली बरी होते. ती यकृतात दबा धरून बसली होती, आणि पन्नाशीच्या अलीकडे गाठ होऊन वर आली. ऑपरेशन झालं. आठवड्याभराने धाकटी घरी आली, त्याच सुमारास गाठीचा तुकडा मेणात बसून बाईच्याच टेबलावर आला. तेव्हाचे लॅबचे प्रमुख, म्हातारे डॉक्टर, म्हणाले, "बाई, हा दुसऱ्या कोणाला कापू दे." बाई म्हणाली, "दुसरे वाकडं कापतील." आणि तिनेच कापला. हात हलला नाही. घरी जाऊन मात्र तिला कुलपात किल्ली घालता येईना, धाकटीनेच आतून दार उघडलं.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, अवघड नाही. आपल्या प्रत्येक पेशीला एक पातळसं आवरण असतं आणि त्या आवरणाला काही प्रथिनं धरून बसलेली असतात. बाहेरचा निरोप आत पोचवणं वगैरे त्यांची कामं. यकृताच्या पेशींवर ग्लिपिकन नावाचं असंच एक प्रथिन असतं, पण ते बाळ आईच्या पोटात असताना. वाढीचे निरोप धरून ठेवायचे आणि पेशीला वाढ, वाढ म्हणत राहायचं, एवढंच त्याला येतं. बाळ जन्मलं की त्याचं काम संपतं आणि ते निघून जातं. मोठ्या माणसाच्या धडधाकट यकृतात ते शोधून सापडत नाही. पण यकृताचा कर्करोग झाला की बहुतेक वेळा ते परत येतं, पेशीच्या आवरणाला चिकटून बसतं आणि पुन्हा तेच तुणतुणं लावतं. कापावर एक औषध घातलं की ते नेमकं या प्रथिनाला जाऊन धरतं, आणि वरून रंग घातला की जिथे प्रथिन तिथे तपकिरी. नसेल तर नुसता निळा.

धाकटीच्या कापावर तपकिरी असा उठला की म्हातारे डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून मान वर काढेनात. एकेका पेशीभोवती कडं, कुठे डाग नाही, कुठे फिकट नाही. रोगाचं कौतुक करू नये, पण रंगाचं होतं. ते म्हणाले, "बाई, हरकत नसेल तर हा ठोकळा कंट्रोल म्हणून ठेवावा म्हणतो."

कंट्रोल म्हणजे लॅबचा साक्षीदार. रोग्याचा काप ज्या काचपट्टीवर बसवतात तिच्यावरच, त्या कापाशेजारी कडेला, या ठोकळ्याचा एक काप ठेवायचा. त्याच्यावर रंग चढणार हे आधीच माहीत असतं. तो चढला म्हणजे औषध जिवंत आहे, मग रोग्याचा काप काय सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा. साक्षीदारच कोरा राहिला तर सगळी काच फुकट. रोग्याच्यात प्रथिन नाही म्हणून तो कोरा, की औषधच मेलं म्हणून कोरा, देव जाणे.

बाईने घरी येऊन धाकटीला विचारलं. धाकटी पलंगावर पडली होती, पिवळी पडलेली, पण जीभ शाबूत. म्हणाली, "म्हणजे मी मेल्यावरसुद्धा तू मला कापत बसणार."

"नको तर नको म्हणून सांगते."

"कशाला? ठेव. मला कडेला बसून दुसऱ्यांना आत सोडायची सवयच आहे." आणि मग जरा थांबून, "ताई, तू ते काप पाण्यावर सोडतेस ना गं?"

सोडतात. पात्यावरून काप सुरकुतलेला निघतो, तो कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात, वॉटर बाथवर, अलगद सोडला की पसरतो. मग खालून काच घालून उचलून घ्यायचा. "मग बरंय," धाकटी म्हणाली, "तेवढंच माझं पोहणं होईल."

पुढच्या हिवाळ्यात ती गेली.

त्यानंतर कितीतरी वर्षं बाईची सकाळ अशी जायची. ठोकळा बर्फावर थंड करायचा, यंत्रात अडकवायचा, काप निघाला की बारीक ब्रशने उचलून पाण्यावर सोडायचा आणि ओठ न हलवता म्हणायचं, चल, पोहून घे. काप पसरायचा. दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी कडी दिसायची. आहे. औषधाचं काम झालं, बाईचंही झालं. दिवसभरात एवढीच काय ती गाठभेट. घरी गेल्यावर खिडकी बंद ठेवायला कोणाची आडकाठी नव्हती, त्यामुळे ती बंद करण्यात काही राहिलं नव्हतं. बाई दोन कप काढायची, एक परत ठेवायची. रेडिओ लावला तर निवेदिकेवर चिडायची आणि बंद करायची. भांडायला माणूस नसलं की चिडका स्वभाव नुसता आतल्या आत कुजतो. हे तिला कळत होतं आणि त्यावर तिच्याकडे इलाज नव्हता.

पण ठोकळा काही अक्षय नसतो. हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला पापुद्र्याएवढा का होईना तो झिजतो. एका सकाळी मेणातून मागच्या प्लॅस्टिकच्या चौकटीची जाळी पुसटशी दिसायला लागली, आणि बाईने हँडल तिथेच थांबवलं.

तोवर म्हातारे डॉक्टर निवृत्त होऊन गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टर तरुण होत्या, कामाला चोख, बोलायला नीट. तो ठोकळा कोणाचा हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, त्यावर नुसता क्रमांक. बाई त्यांना म्हणाली, "जुना कंट्रोल संपला." डॉक्टर म्हणाल्या, "चला, खूप वर्षं टिकला. दुसरा काढू." एका ऑपरेशनच्या गाठीतून दुसरा ठोकळा निघाला, आणि बाईने धाकटीला रुमालात गुंडाळून आपल्या खणात ठेवलं. खणाला कुलूप घातलं. चोरी म्हणायची तर चोरीच. पण बाईला त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं. आता ती संपणार नव्हती.

नवा साक्षीदार लेचापेचा निघाला. त्याच्या गाठीत प्रथिन सगळीकडे नव्हतं, एका कोपऱ्यात तेवढं होतं. वरवरच्या कापांवर कोपरा तपकिरी यायचा आणि काम भागायचं. जसजसा ठोकळा झिजला तसतसा तो कोपरा आक्रसत गेला. बाईच्या ते ध्यानात येत होतं. पण बोलायचं तर डॉक्टर म्हणणार, जुना खरंच संपला का, जरा बघा. म्हणून ती मूग गिळून बसली.

आणि तेवढ्यात कुलूपवाल्याची तपासणी आली.

कुलूपवाला म्हणजे कुलपं-किल्ल्या दुरुस्त करणारा साठीचा माणूस. यकृत आधीच आजाराने आक्रसलेलं, त्यात एक गाठ दिसत होती. गाठ साधी की कर्करोगाची, प्रश्न एवढाच. सुई घालून दोऱ्याएवढा तुकडा काढला होता. सुई घातली तेव्हा रक्त थांबता थांबेना, त्यामुळे पुन्हा सुई घालायची नाही असं वरच्या मजल्यावरून बजावून आलं होतं. जे काय ते त्या दोऱ्यातूनच. बाकीचे रंग निम्मं काहीतरी सांगत होते, निर्णय ग्लिपिकनवर येऊन ठेपला होता.

पहिली काच आली. कुलूपवाला कोरा. आणि साक्षीदारही कोरा.

डॉक्टरांनी औषधाची नवी बाटली फोडायला लावली. दुसरी काच. दोघेही कोरे. नव्या ठोकळ्याचा तो तपकिरी कोपरा संपला होता, दुसरं काही नव्हतं. आणि या घोळात दोऱ्याचे काप वाया गेले होते. रोग्याचा धड म्हणता येईल असा एकच काप काचेवर शिल्लक होता.

"सर्जन म्हणतायत, उत्तर नसेल तर ते गाठ काढणार," डॉक्टर म्हणाल्या. "परवा टेबलावर घेतायत. कर्करोग असेल तर काढायलाच हवी. नसेल तर..." तसलं यकृत कापल्यावर माणूस उठेलच असं नसतं, हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. "बाहेरून कंट्रोल मागवलाय, पण परवापर्यंत येत नाही. तो जुना ठोकळा असता ना, बाई."

बाईने तोंड फिरवलं आणि उगाच ब्रश धुवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तर लॅबच्या रिपोर्ट-खिडकीशी एक माणूस वाकून उभा होता. त्या खिडकीची खिटी कित्येक दिवस सैल होती, बंद करताना खडखडायची. हा पट्ठ्या खिशातला पेचकस काढून ती आवळत होता.

"काय चाललंय?" बाई खेकसली.

"काही नाही ताई. बसून बसून हात शिवशिवतात. म्हटलं रिपोर्ट येईपर्यंत एवढं करून टाकावं."

ताई. आता ताई काय, कोणीही कोणाला म्हणतं. पण लॅबमध्ये ती बाई होती, रस्त्यावर मावशी होती, आणि घरात तिला हाक मारायला कोणी नव्हतं. हा शब्द कानावर पडला आणि बाईचं पुढचं खेकसणं राहून गेलं.

"तुमच्याबरोबर कोण आलंय?" तिने विचारलं. हे विचारायची पद्धत असते, रिपोर्ट वाईट असला तर बरोबर कोणी असलेलं बरं.

"कोणी नाही. मी एकटाच असतो." त्याने खिटी एकदा सरकवून पाहिली, पुन्हा आवळली. "उद्या पोट फाडणार म्हणतात. तुमचं यंत्र काय म्हणेल त्यावर आहे म्हणे. बरंच होईल, नाही का ताई?"

बाई आत आली. आपल्या टेबलाशी बसली. मेलेल्या माणसाला खणात ठेवून आपण जिवंत माणसाच्या मुळावर आलो आहोत, हे तिला तेव्हा लख्ख दिसलं. तो काही आता डॉक्टरांच्या यादीतला क्रमांक राहिला नव्हता. आणि तरी खणाचं कुलूप काढताना तिला रडू आलं, कारण कुलूपवाला कोणी तिचा सख्खा नव्हता आणि धाकटी होती.

तिने रुमाल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "संपला नव्हता. मी लपवला होता."

डॉक्टरांनी रुमाल उलगडला, क्रमांक वाचला. त्यांचा चेहरा तापला. "बाई, दोन काचा वाया गेल्या. त्या माणसाचा..."

"ठाऊक आहे."

"का लपवलात?"

"माझी बहीण आहे ती," बाई म्हणाली. होती म्हणाली नाही.

डॉक्टरांनी तो पातळ ठोकळा उजेडाशी धरला. रागवायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "किती उरलंय?"

"एखादा काप निघेल. हात नीट चालला तर."

"मी दुसऱ्या कोणाला सांगू का कापायला?"

"वाकडं कापतील," बाई म्हणाली.

तिने ठोकळा नेहमीपेक्षा जास्त वेळ बर्फावर ठेवला. पातं नवं लावलं. हँडल फिरवलं, आणि पहिला काप मधोमध फाटला. त्याची चिंधी पात्यावरून निसटून पाण्यावर जाऊन पडली. बाईने डोळे मिटले, उघडले. यंत्रात आता मेण असं जवळजवळ नव्हतंच, जाळीच दिसत होती. तिने श्वास रोखला आणि हँडल अगदी हळू, एका चालीने फिरवलं. काप निघाला. सबंध निघाला. ब्रशने उचलून तिने तो पाण्यावर सोडला, पण नेहमीचं वाक्य काही तिच्या तोंडून येईना. काप आपला आपण पसरला. मग जिच्यावर कुलूपवाल्याचा शेवटचा काप होता ती काच तिने तिरकी धरून पाण्यात घातली आणि कडेच्या मोकळ्या जागेवर धाकटीला अलगद उचलून घेतलं.

"हा बाथ आज कोणी वापरायचा नाही," तिने सगळ्यांना दरडावलं.

दुपारपर्यंत रंग झाला. डॉक्टरांनी काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि खुर्ची सोडून बाजूला झाल्या. बाई बसली. काचेच्या कडेला तपकिरी कडी, एकूण एक पेशीला, पहिल्या दिवशी होती तशी. कुठे डाग नाही, कुठे फिकट नाही. बाईने काच जरा सरकवली. कुलूपवाल्याच्या दोऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळा आणि फक्त निळा.

"नाहीये," डॉक्टर मागून म्हणाल्या. "खरंच नाहीये. बाकीचे रंगही अर्धंमुर्धं हेच म्हणत होते, पण याच्याशिवाय मी सही केली नसती. साधी गाठ आहे. मी वर फोन करते, उद्याचं ऑपरेशन नको."

वरून खाली निरोप यायला संध्याकाळ झाली. कुलूपवाला रिपोर्ट घ्यायला खिडकीशी आला तेव्हा त्याला डॉक्टरांनी सगळं सांगून झालं होतं. गाठीवर लक्ष ठेवायचं, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं, पोट फाडायचं नाही. तो कागद उलटसुलट करून बघत होता.

"काय गंमत आहे ताई," तो म्हणाला, "एवढं टळलं, आणि सांगायला बरोबर कोणी नाही. एकटाच आलो, एकटाच चाललो."

"एकटे नव्हतात," बाई म्हणाली. "माझी धाकटी बहीण होती तुमच्या शेजारी. दिवसभर."

कुलूपवाल्याने रिकाम्या बाकाकडे वळून पाहिलं. मग बाईकडे पाहिलं. तो समजूतदार माणूस होता. "असं होय," तो म्हणाला, "मग माझ्यातर्फे आभार सांगा त्यांना." आणि जाता जाता त्याने खिडकी ओढून घेतली. ती आवाज न करता बंद झाली.

सगळे घरी गेल्यावर बाई वॉटर बाथशी आली. त्या कामात एक कडक नियम असतो. पाण्यावर कोणाच्याही कापाची चिंधी ठेवायची नाही. उद्या ती दुसऱ्याच माणसाच्या काचेवर चढली तर नसलेला रोग त्याच्या नावावर लागेल. म्हणून रोज पाण्यावरून टिपकागद फिरवायचा. बाईने सबंध नोकरीत हा नियम कधी चुकवला नव्हता, आणि चुकवणाऱ्यांना फाडून खाल्लं होतं.

सकाळी फाटलेल्या कापाची ती चिंधी अजून तरंगत होती. नखाहून लहान, जवळजवळ न दिसणारी. दिवसभर ती तशीच त्या कोमट पाण्यावर होती. बाई हातात टिपकागद धरून उभी राहिली. एवढीशी राहिली तर कोणाचं काय बिघडणार होतं, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि लगेच कुलूपवाल्याची ती दुसरी कोरी काच डोळ्यांपुढे आली.

"चल धाकटे," ती म्हणाली. या वेळी मोठ्याने म्हणाली, ऐकायला कोणी नव्हतं. "पुष्कळ पोहलीस. ये बाहेर आता."

तिने कागद पाण्यावरून एकदाच फिरवला, पाणी मोरीत ओतलं आणि भांडं पुसून पालथं घातलं.